पंख कुठे बसवायचे?

योगराज पहिल्यांदा दुकानात आला तो भाच्यासाठी चावीचं तयार विमान घ्यायला. काउंटरवरच्या धनश्रीनं सहज विचारलं, "सुट्या भागांचं देऊ? घरी बसून जोडायचं, मजा येते." विचारताना ती हसली... आणि झालं! गडी खोकं घेऊन गेला.

पुढच्या रविवारी पुन्हा हजर.

"याचे पंख कुठे बसवायचे हो?"

तिनं बसवून दाखवले. त्यानंतर नवं खोकं आणि शेपटीचा घोळ. मग चाकांचा. "हात आहेत की लाटणी?" ती चिडवायची. तो आपला तिच्या बोटांकडे बघत बसायचा. खरं सांगायचं तर तीही आता शुक्रवारपासूनच रविवारची वाट बघायची.

तेवढ्यात दुकानाचे मालक बन्सीलालशेट म्हणाले, "जोडायची विमानं कोणी घेत नाही. यापुढे फक्त तयार ठेवायची." धनश्रीच्या मनात आलं, मग हा यायचा कशाला? अजून मनातला एक शब्द बोलला नव्हता मेला!

त्याच रात्री जेवताना तिचा भाऊ भिकन यंत्रमागाच्या कारखान्यातलं सांगू लागला, "आमना योगराज मिस्तरी! अख्खा लूम खोलीसन दोन घंटामा जोडी देस!"

"भाच्याला विमानं नेतो, तोच का?"

"हा, तोच!"

तिचा घास हातातच राहिला. लबाड कुठला! राग आला, आणि हसूही आवरेना.

रविवारी तिनं त्याच्यापुढे तयार विमान ठेवलं. "जोडायची संपली, आता येणारही नाहीत. हे घ्या, सगळं बसवलेलं आहे. विचारायला काही उरलं नाही... मिस्त्री!"

तो कानापर्यंत लाल झाला. विमान विकत घेतलं, खिशातून डिसमिस काढलं आणि तिच्यासमोरच एकेक स्क्रू पिळून पंख, शेपटी, चाकं सगळं सुटं केलं.

"अहो, हे काय! नवंकोरं होतं ना!"

"तुमच्याशी बोलायचं म्हणून विचारत होतो," तो म्हणाला. आज त्यानं सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. "तुम्ही मला आवडता, धनश्री. फार आवडता. आता तरी... येऊ ना?"

धनश्रीला ओढणीचं टोक सापडेना.

"संध्याकाळी घरी या. दादाला विचारा," ती हळूच म्हणाली. "माझं काय... माझं केव्हाच ठरलंय. आणि हे आत्ता जोडा बघू, खरे हात कसे चालतात ते बघायचंय मला."

पाच मिनिटांचं काम. मिस्त्रीनं त्याला तासभर लावला, आणि तिनं लावू दिला.