फाटकाच्या दोन चौक्या

या, विस्तवाजवळ सरका. ओले बूट दाराशीच राहू द्या. देवाचं नाव घेऊन एक गोष्ट सांगतो. भ्यायचंच झालं तर हातात जपमाळ धरून भ्या.

वेस्टमीथ परगण्यातल्या एका जहागिरीच्या फाटकाला दोन्ही अंगांना दगडी चौक्या होत्या. दोन्ही अष्टकोनी, एकीसारखी दुसरी. मालकाच्या पणज्याला डावं-उजवं जुळलेलं हवं होतं, म्हणून राखणदाराच्या एका घराचे दोन तुकडे झाले. डावीकडे चूल, उजवीकडे पलंग, मधून गाड्यांचा रस्ता. राखणदारीण ऑनोरा गेराटीचं सगळं आयुष्य तो रस्ता ओलांडण्यात झिजलं. त्यात आता नवरा मॅलकी छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेला. तो वाचावा, एवढंच तिचं मागणं. तिकडे आजाऱ्याला एकटं सोडत नाहीत; त्याला उचलून नेऊन त्याच्या जागी त्याच्याच रूपाचं दुसरं काही निजवून जातात म्हणे.

"सूप परत गार झालं गं, नोरा."

"मग मालकांना सांग, चुलीला चाकं लावून द्या म्हणावं!"

एका धुकट दुपारी ती वाडगा घेऊन रस्त्याच्या मधोमध आली, तेवढ्यात फाटकाबाहेरून हाक आली, "नोरा, उघड गं. पाय गळून गेले."

आवाज मॅलकीचा.

त्याच क्षणी उजव्या चौकीत मॅलकी खोकला.

वाडगा खाली ठेवून तिनं कडीवर हात ठेवला. गजांपलीकडे नुसतं धुकं. "देव या घराचं भलं करो," बाहेरचा म्हणाला. घरी परतताना मॅलकी नेहमी म्हणायचा, अगदी तसंच.

"उघडू नकोस!" उजव्या चौकीतून ओरड आली. "मी इथं आहे ना? माझ्याकडे ये."

ती दमली होती हो. जो पलंगावर दिसतो तो आपला, एवढाच विचार तिच्यानं झाला. तिनं हात काढून घेतला.

"बरं," बाहेरचा म्हणाला. "थांबतो."

त्या दिवसापासून मॅलकीला उतार पडला. खोकला गेला. गारढोण सूप तो कुरकुर न करता पिऊ लागला. डॉक्टरनं नवलानं मान हलवली, ऑनोरानं मरियामातेपुढे मेणबत्ती लावली.

मग एका संध्याकाळी, किती तरी दिवसांनी, दोघं पुन्हा माळेला बसली. तिकडची रीत अशी, की प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एकानं म्हणायचा आणि उरलेला घरातल्यांनी.

"नमो मारिये..." ऑनोरानं आपला अर्धा भाग संपवला.

मॅलकी हसत बसला. ओठ मिटलेले.

"म्हण ना रे."

"तू म्हण. मला ते येत नाही."

तिचा हात मण्यावरच थांबला.

आणि उरलेला अर्धा भाग फाटकाबाहेरून आला. धाप लागलेल्या आवाजात, एकही शब्द न गाळता.

आज रात्री माळ घ्याल तेव्हा मॅलकी गेराटीची आठवण ठेवा, माझ्या माणसांनो. तो जो बाहेर आहे, त्याची.