कणीएवढा दात

दात तांदळाच्या कणीएवढा. त्यापायी सकाळीच कुरुंदवाडच्या मळ्यात पोलिसांची गाडी आली.

फौजदार संयोगिता उतरली तेव्हा सम्मेद सोप्यात मान खाली घालून बसला होता. शेजारी प्रियदर्शनी. सम्मेदच्या घरची विहीर खोल करताना काळ्या दगडाखालून माती निघाली. ती या दोघा संशोधकांनी वर्षभर धुतली, चाळली. हाती आला एकच दात. डायनोसॉरच्या काळातल्या, आजवर कुणालाच ठाऊक नसलेल्या, उंदराएवढ्या सस्तन प्राण्याचा. काल दुपारी तो डबीतून नाहीसा झाला.

"दुसरा न्हाई?"

"नाही, मॅडम," प्रियदर्शनी म्हणाली. "नुसत्या फोटोवर कोण विश्वास ठेवणार? दात नाही तर प्राणीच नाही."

पोलिसांना बोलावलं होतं दोघांच्या मार्गदर्शकांनी. डॉ. विश्वजित कोल्हापूरहून येऊन काल मुक्कामालाच राहिले होते. शर्ट पांढराशुभ्र, नखं काळी.

"संशय कुणावर, सर?"

"सम्मेदवर. घर त्याचं, डबी त्याच्या ताब्यात. अशा मुलाला हाताशी धरलं, माझंच चुकलं."

आत पाणी गाळणाऱ्या त्याच्या आईला, पद्मावतीला, ऐकू जाईल अशा बेतानं सर बोलले. त्यांच्याकडं दयेचा साठा भरपूर असावा. खर्च काहीच दिसत नव्हता.

"काल झडती घेतली?"

"सगळ्यांची," प्रियदर्शनी म्हणाली. "दार लावून घेतलं. सर तेवढे पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, पण आल्यावर त्यांचेही खिसे बघितले."

"नखांना काय झालं, सर?"

"सकाळी मागं अळू बघत होतो."

संयोगिता परसात गेली. मोरीचं पाणी अळवात जात होतं. अळवाच्या बुडातला चिखल सगळा उकरलेला.

विहिरीवर आलेल्या पद्मावतीनं गाळायचं फडकं उलटं केलं, गाळलेल्या पाण्यानं छोट्या बादलीत विसळलं आणि बादली दोरानं अलगद विहिरीत सोडली.

"वरनंच ओतायचं की, काकू."

"आपटतात गं बाई ते बारके जीव. पाण्यातला जीव जिथला तिथं सोडायचा."

"काल बी सोडलं?"

"रोजच की."

संयोगिता सोप्यात परतली.

"सर, दात तुम्ही उचलला. झडती होणार म्हटल्यावर पाणी प्यायच्या निमित्तानं न गाळलेल्या हंड्यात टाकला. फडक्यात अडकंल, फडकं मोरीत झटकतील, सकाळी अळवात वेचू, असा हिशेब. पुढं तोच दात दुसऱ्या विहिरीत तुम्हाला सापडला असता, तुमच्या एकट्याच्या नावानं. सकाळी मिळाला न्हाई, तसा पोराला अडकवला."

"हे सम्मेदही करू शकला असता."

"सम्मेद ह्या घरात वाढलाय. फडक्यातलं मोरीत जात न्हाई, हे त्याला पाळण्यापास्नं ठाऊक. अळू त्यानं कशाला उकरलं असतं?"

"मग जातं कुठं ते?"

सरांनी ओठ मिटले, पण उशीर झाला होता.

प्रियदर्शनीनं विहिरीकडं बघितलं. पाणी काठोकाठ होतं. दात जिथून निघाला, तिथंच गेला होता.

"माझ्याच हातनं गेला व्हय?" पद्मावती दारातून म्हणाली.

सरांना गाडीत बसवलं. त्यांनी पाणी मागितलं. पद्मावतीनं तांब्या भरून आणला.

"घ्या, सर. गाळलेलं हाय. ह्यात काय सापडायचं न्हाई."