गाळ उपसणारे

भरे गावाच्या वरच्या अंगाला एक तळं आहे. टेकडीवर बंगल्यांचे प्लॉट पडले, झाडं गेली, जेसीबीनं उतार खरवडून काढला, आणि पुढच्या तीन पावसाळ्यांत टेकडीची तांबडी माती तळ्यात येऊन बसली. यंदा होळीलाच तळं आटलं. खालच्या विहिरीत कळशी बुडेना.

गौतमी पिरंगुटच्या शाळेत भूगोल शिकवायची. मेच्या सुट्टीत तिनं गाव गोळा केलं. बांध जुना, त्यावरून मशीन जाईना. म्हणून घमेली, फावडी आणि चाळीस माणसं. तिचा दीर कैलास कारखान्यातली पाळी संपवून थेट खड्ड्यात उतरायचा. बायका गाणी म्हणत रांग धरायच्या, घमेलं हातोहात काठावर जायचं, तिथून ट्रॅक्टरनं शेतात. नुसतं लग्नघर झालं होतं. सत्तरीच्या चंद्रामावशी चहाचं पातेलं सांभाळत एकेकाची उणीदुणी काढायच्या, आणि ज्याची काढतील तोच सगळ्यांत जास्त हसायचा.

पाचव्या दिवशी सकाळी येऊन बघतात तर खड्डा आदल्या संध्याकाळपेक्षा हातभर खोल. काठावर गाळाचा नवा ढीग, वरून थापून गुळगुळीत केलेला.

"भावजी, तुमी खणलं व्हय?" गौतमीनं विचारलं.

"न्हाई वयनी. मी पडलो ते आत्ता उठलो. उरवड्याची पोरं आली असतील."

तिनं शेजारच्या उरवडे गावात फोन लावून विचारलं. कुणी आलं नव्हतं. सहाव्या दिवशी पुन्हा हातभर. सातव्या दिवशीही. खालून पाझर लागून माती खचली असेल, असं तिला वाटलं. पण खचलेली माती काठावर चढून ढीग लावत नाही.

मग तिनं खाली वाकून नीट पाहिलं. ओल्या गाळात अनवाणी पावलं होती. लहानखुरी, खूप माणसांची, टाचा खोल रुतलेल्या, डोक्यावर ओझं असल्यासारख्या. खड्ड्यातून ढिगापर्यंत आलेली आणि ढिगापासून परत खड्ड्यात गेलेली. गावाकडे एकही पाऊल वळलेलं नव्हतं.

ती दोन पावलं मागे सरली. चंद्रामावशींनी मात्र पाहिलं आणि पदर खोचला.

"कोन का असंना, बाई. हात चालवत्यात, तोंड चालवत न्हाईत. असली माणसं कुटं मिळायला बसल्यात?"

सगळे हसले, गौतमीसुद्धा. त्या दिवशी मावशींनी भाकरी-ठेच्याचं एक जादा ताट काठावर झाकून ठेवलं. सकाळी ते घासून पालथं घातलेलं मिळालं.

महिन्याचं काम सोळा दिवसांत उरकलं. तळ पंधरा फुटांवर गेला. टेकडीच्या उतारावर दगडांच्या ताली रचल्या, मधे वाळ्याचं गवत लावलं, माती पुन्हा खाली येऊ नये म्हणून. शेवटच्या दिवशी कुणाचं तोंड ओळखू येत नव्हतं इतके सगळे चिखलानं माखले होते. कैलासनं रिकाम्या खड्ड्याकडे तोंड करून हात जोडले.

"झालं बरं का पावणं. लई राबला. आता घरला जावा."

पुन्हा हशा पिकला.

जुलैअखेर तळं काठोकाठ भरलं. पाणी यंदा तांबडं नव्हतं, निवळशंख होतं. विहिरीत हात घालून पाणी घेता येत होतं. खोली वहीत लिहून ठेवावी म्हणून एका दुपारी गौतमी आणि कैलास तराफ्यावरून तळ्याच्या मध्यावर गेले. तिनं फुटाफुटावर गाठी मारलेल्या दोराला दगड बांधून खाली सोडला.

पंधरा गाठी गेल्या. वीस गेल्या.

तिनं कैलासकडे पाहिलं. तीस.

चाळिसाव्या गाठीला दोर थांबला.

"टेकला का दगड?" कैलासनं विचारलं.

तिनं दोर चाचपून पाहिला. दगड टेकला की दोर ढिला पडतो. हा ताठ झाला होता. जमीन मोजताना समोरचा माणूस फितीचं टोक धरून सरळ करतो, तसा.

मग खालून दोनदा हलकेच ओढ बसली. आणखी सोड, असं सांगावं तशी.