परसातली वळणं

सायकलची चेन तुटली म्हणून तो थांबला होता, एवढंच.

केंदूरच्या रस्त्याला लागून सोपानरावांचं घर. घरापुढच्या लिंबाखाली एक उंच, सावळा तरुण सायकल उलटी करून बसला होता. बोटं ग्रीसनं काळी, कपाळावर घाम. समृद्धी शेवंतीची तोडणी उरकून येत होती, डोक्यावर फुलांचं क्रेट. त्यानं वर पाहिलं आणि जरा अवघडून विचारलं, "वहिनी, थोडं पाणी मिळंल का?"

तिनं तांब्या भरून आणला. तो पाणी प्यायला… आणि पिता पिता थांबला. त्याची नजर तिच्या खांद्यावरून घराच्या मागं गेली होती. गोठ्याच्या पलीकडं परसात मातीचे उंचवटे होते, गवतानं झाकलेले, एकापुढं एक. आणि शेवटी चंद्रकोरीसारखा वळलेला एक बांध.

"हा सायकलींचा पंप ट्रॅक कुणी केलाय?"

समृद्धीनं वळून मागं पाहिलं. गावात सगळे त्याला ढिगारे म्हणायचे. ढिगारे सपाट करा, गोठा वाढवा, असा सल्ला येणारा-जाणारा द्यायचा. त्याचं खरं नाव तिनं आजवर एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं होतं.

"माझ्या मिस्टरांनी," ती म्हणाली. "अर्धाच राहिला. ते… न्हाईत आता."

तांब्या खाली ठेवत तो हळूच म्हणाला, "वळण फार सुरेख घेतलंय त्यांनी."

चेन जोडून तो निघून गेला. समृद्धी मात्र तशीच उभी होती. सुदर्शन गेल्यापासून लोक काय काय बोलले होते… पोरगा गुणी होता, देवाला आवडला, नशीब तुमचं. पण त्यानं स्वतःच्या हातानं जे केलं, ते सुरेख आहे असं कुणीच म्हणालं नव्हतं.

सुदर्शन रांजणगावला कंपनीत होता. पहिल्या पाळीला मोटरसायकलवरून जाताना हायवेवर ट्रकनं उडवलं. लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. सुट्टीच्या दिवशी तो परसात माती ओढायचा आणि तिला मोबाईलवर दाखवायचा, पायडल न मारता उंचवट्यांवरून सळसळत जाणाऱ्या सायकली. "एकदा पुरा होऊ दे, मग बघ," म्हणायचा. तो गेल्यावर समृद्धी माहेरी गेली नाही. सासऱ्यांना, सोपानरावांना आबा आणि सासूला, पार्वतीबाईंना आई म्हणत तिथंच राहिली, शेवंतीच्या वाफ्यांत. तिला कुणी राहा म्हणालं नव्हतं, आणि जा असंही नाही.

पुढच्या रविवारी तो परत आला. या वेळी सायकल धड होती.

ओट्यावर आबा बसले होते, दारात आई. तो हात जोडून उभा राहिला. "मी महेंद्र. यवतचा. रांजणगावला मेंटेनन्सला हाय, खोली शिक्रापूरला. पुण्यात एका ट्रॅकच्या कामावर होतो मागं. तुमची परवानगी असंल तर… मागचा ट्रॅक पुरा करू का? रविवारचा येत जाईन."

आबांनी आईकडं पाहिलं. पार्वतीबाईंनी त्या मातीला आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता.

"माझ्या लेकाला वळखत होतास?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. त्यांचं काम बघितलं फक्त."

पार्वतीबाई आत गेल्या. आता हा परत जाणार, असंच समृद्धीला वाटलं. पण त्या बाहेर आल्या तेव्हा हातात खोरं होतं.

"हे त्याचंच हाय," त्या म्हणाल्या. "त्यानं केलंय ते मोडू नगंस. पुढचं कर."

मग रविवार आले. आधी गवत काढलं. मग माती चाळली, खडे वेगळे केले. महेंद्र खोऱ्यानं उंचवट्याला आकार द्यायचा, समृद्धी पाइप धरून पाणी मारायची, आणि मग तो धुम्मस घेऊन माती ठोकत बसायचा, ती दगडासारखी घट्ट होईपर्यंत. ओल्या मातीचा वास शेवंतीच्या वासात मिसळायचा.

"पाणी हळू मारा, वहिनी. चिखल झाला तर सगळं वाहून जाईल."

"तुम्ही लवकर ठोका की मग."

"हात दुखत्यात माझे."

"कंपनीत एवढी मोठी मशिनं उघडता, आन् धुमशीनं हात दुखत्यात?"

"मशिनं अशी समोर उभी राहून बघत नसत्यात," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजून खाली पाहू लागला.

समृद्धीनं पाइप दुसरीकडं वळवला. उगाचच.

थोडा भाग तयार झाला तेव्हा महेंद्रनं शेडमधली सुदर्शनची केशरी सायकल मागितली. आबांनी ती स्वतः पुसून, हवा भरून आणून दिली. महेंद्र म्हणाला, "आधी तुम्ही बसा, वहिनी."

"मला न्हाई जमायचं."

"जमतंय. पायडल मारायचंच न्हाई. चढाला अंग हलकं सोडायचं, उताराला हातापायांनी खाली दाबायचं. झोका घेताना करतो ना, तसं."

ती पहिल्याच उंचवट्यावर पडली. कोपर खरचटलं. दुसऱ्यांदाही पडली. मग कधीतरी — कसं ते तिलाही कळलं नाही — चढाला अंग हलकं झालं, उताराला आपोआप दाबलं गेलं, आणि सायकल पायडलशिवाय पुढं… पुढं… वळणाच्या बांधावर तिरकी होऊन गेली आणि सरळ बाहेर पडली. वारा कानाला लागला. ती उतरली तेव्हा तिचे डोळे भरले होते. सुदर्शन ज्याच्यासाठी एवढी माती ओढत होता ते हे होतं, आणि त्यानं ते कधी अनुभवलंच नव्हतं.

महेंद्रनं सायकल तिच्या हातातून घेतली आणि गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली.

असाच एक रविवार, ती परत सायकलवरून पडली होती. निघताना तो म्हणाला, "येतो. कोपराला हळद लावा."

तो फाटकापाशी पोचेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "आज दिसभर वहिनी म्हणाला न्हाईत."

"विसरलो."

"विसरलात का… ठरवून?"

त्यानं सायकलचा ब्रेक दोनदा दाबून सोडला. "नावानं हाक मारली तर चालंल का?"

तिनं मान डोलावली नाही, नकारही दिला नाही. पण पुढच्या रविवारी त्यानं परसातून "समृद्धी, पाणी" अशी हाक दिली तेव्हा स्वयंपाकघरात तिच्या हातातली पळी क्षणभर तशीच राहिली. तिच्या शेजारी बसलेल्या पार्वतीबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

परतीच्या पावसानं एका दुपारी अचानक गाठलं. नवा बांध अजून ओला होता. दोघं धावले, कांद्यावरची ताडपत्री ओढून आणली, दोन टोकं त्यानं धरली, दोन तिनं. वारा ती सारखी हिसकत होता. एक टोक समृद्धीच्या हातून सुटलं आणि फडफडत महेंद्रच्या डोक्यावर बसलं. तो आतून धडपडत म्हणाला, "मला झाकायचं न्हाई, बांध झाकायचाय…" आणि समृद्धी हसली. पोट धरून, चिखलात गुडघे टेकून हसली. तोही हसायला लागला. केस चिकटलेले, पापण्यांवर पाणी… दोघं एकमेकांकडं पाहत राहिले, आणि हसू हळूहळू थांबलं, पण नजर काही हलेना.

मागच्या दारात पार्वतीबाई उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. समृद्धीनं पाहिलं तशा त्या आत वळल्या.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. ताट पुढं आलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "लई दिसांनी हसलीस."

समृद्धीनं हातातला घास परत ताटात ठेवला.

पुढच्या रविवारी तिनं त्याला फाटकावरच गाठलं. "आता येऊ नका."

"काम राहिलंय अजून."

"राहू द्या."

महेंद्रनं सायकल माघारी वळवली. "तुम्ही म्हणाल तसं. पण खरं सांगून जातो. काम काही राहिलेलं न्हाई. ट्रॅक कवाच झाला असता. मीच… मी केलेला मधला उंचवटा परत परत मोडून नव्यानं करत होतो. झाला तर यायचं कशाला, म्हणून."

समृद्धीनं फाटकाची कडी घट्ट धरली. "मला म्हाईत हाय."

"म्हाईत होतं?"

"मी बी त्याच्यावर जास्तीचं पाणी मारत होते," ती म्हणाली. "जावा आता. त्यांना एकच लेक होता. मी बी गेले तर त्या घरात कोण राहील?"

त्यानं मान डोलावली. वाद घातला नाही, हात धरला नाही. सायकलवर बसून निघून गेला, आणि पुढच्या वळणावर शेवरीच्या झाडांआड दिसेनासा झाला.

मग कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. शेवंतीचा हंगाम जोरात होता. समृद्धी तोडायची, क्रेट भरायची, स्वयंपाक करायची. आबांनी काही विचारलं तर उत्तर द्यायची. रविवारी मागच्या दाराला आतून कडी लावायची. ट्रॅकवर पुन्हा गवत आलं.

एका सकाळी ती कडी निघालेली दिसली. पार्वतीबाई परसात त्या वळणाच्या बांधावर बसून गवत उपटत होत्या. समृद्धी जवळ गेली आणि शेजारी बसून उपटू लागली.

"मी त्या दिवशी तुला टोचून बोलले न्हाई," पार्वतीबाई म्हणाल्या.

"म्हाईत हाय, आई."

"न्हाई म्हाईत तुला. ऐक." त्यांनी हातातली मूठ बाजूला टाकली. "तुझं हसणं ऐकलं आन् मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, वाईट बी वाटलं. दोन्ही एकाच टायमाला झालं. माझ्या पोराच्या मातीवर दुसराच उभा, आन् तू हसतीयस… आन् मग वाटलं, ही हसली न्हाई तर माझा पोरगा काय माघारी येणाराय का."

समृद्धी रडू लागली. पार्वतीबाईंनी तिला जवळ घेतलं नाही. त्या गवतच उपटत राहिल्या.

"बोलव त्याला," त्या म्हणाल्या. "लवकर बोलव. आज म्हणतीय मी, उद्या म्हणंनच असं न्हाई. मन हाय, फिरंल."

"आन् तुम्ही?"

"आमचं आम्ही बघू. तू आमची काठी म्हणून राहिलीस तर मला रोज दिसंल गं, की आपण हिला वाळवतोय."

निरोप मिळताच महेंद्र आला. विधवा सून नको म्हणणाऱ्या त्याच्या आईचं मन वळवायला यवतला आबा स्वतः गेले. सुनेसाठी सासरा मागणी घालतोय म्हणून भावकीतले काही जण बोलणं सोडून बसले. आबांनी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. शिरूरला नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. आबांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि बाहेर येऊन बराच वेळ टोपीनं तोंड पुसत राहिले. पार्वतीबाई आल्या नाहीत. तोडणीचं निमित्त सांगून त्या शेतात राहिल्या.

शिक्रापूरची खोली छोटी होती. हायवेवरून गाड्यांचा आवाज यायचा. महेंद्र जपायचा तिला. सकाळी चहा तिच्या आधी उठून ठेवायचा, आणि कधी ती गप्प झाली तर विचारायचा नाही, शेजारी येऊन बसायचा. सुदर्शनचं नाव त्या घरात मोकळेपणानं घेता यायचं. समृद्धी सुखात होती. आणि रोज पहाटे जाग आली की पहिल्यांदा तिला शेवंतीचे वाफे आठवायचे.

महिन्याभरानं दोघं केंदूरला गेले. आबांनी महेंद्रला हाताला धरून ओट्यावर बसवलं. पार्वतीबाई दारात आल्या. त्यांनी समृद्धीच्या पायांवर पाणी घातलं, आत सतरंजी टाकली, आणि फडताळातल्या वरच्या फळीवरच्या, पाव्हण्यांसाठी ठेवलेल्या नक्षीच्या कपबशा काढून त्यांत चहा आणला.

समृद्धीनं कपाकडं पाहिलं. या घरात तिनं कधी कपबशीतून चहा घेतला नव्हता. चुलीजवळ बसून, पितळीत ओतून, आईंसोबत घ्यायची ती.

"आई, मला ह्यात कशाला?"

"घे," पार्वतीबाई तिच्याकडं न पाहता म्हणाल्या. "आता तू पाव्हणी ह्या घरची. रीत हाय."

कप तिनं हातात घेतला नाही. ती उठली, पदर खोचला आणि आत गेली. स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ अर्धवट मळून ठेवलेलं होतं. काटवटीसमोर ती बसली आणि पिठात हात घातला.

पार्वतीबाई मागोमाग आल्या. उंबऱ्यात उभ्या राहिल्या. बाहेर आबा आणि महेंद्र ऊस-कांद्याचं काहीतरी बोलत होते. मग हळूच येऊन चुलीच्या पलीकडं बसल्या, जाळ पुढं सारला आणि तवा ठेवला.

"पाणी कमी पडलंय त्यात," त्या म्हणाल्या. "थोडं घे अजून."