बुटाच्या ठशावर खूर

मी आर्वोला जेवायला बोलवायला निघालो होतो, बाकी काही नाही. हातात टॉर्च होता आणि खिशात इल्मीने कागदात गुंडाळून दिलेली मांस-बटाटा भरलेली गरम पास्टी. आर्वो माझा धाकटा भाऊ, इल्मी त्याची बायको. शिकारीचा हंगाम लागला की आम्ही तिघं दलदलीकाठच्या आमच्या लाकडी खोपटात येऊन राहायचो.

"कान धरून आण त्याला," इल्मी म्हणाली. "सूप पुन्हा गरम करणार नाही मी."

"नवरा तुझा. कान तू धर."

ती हसली. मग पोटावर हात ठेवून दाराशी आली. तिला सातवा महिना होता. "खरंच लवकर आण रे, वेइको. आजची थंडी मला बरी वाटत नाही."

मलाही वाटत नव्हती. पण खरी भीती थंडीची नव्हती. दुपारीच आम्हा भावांची एका हरिणीवरून जुंपली होती.

"शिंगं आहेत आणि मादी आहे," आर्वो सांगत होता. "शिंगांवरची मखमल अजून तशीच! नोव्हेंबरात! दोनदा माझ्या मचाणाखालून गेली."

"जाऊ दे तिला. बाबा अशीला कधी मारायचे नाहीत."

"बाबा काळ्या मांजरालाही वाट द्यायचे. ती शिंगं मी पाळण्याच्या वर लावणार बघ."

पांढऱ्या शेपटीच्या हरणांत क्वचित अशी शिंगवाली मादी निपजते. नराची शिंगं शरद लागताच वरची मऊ कातडी, ती मखमल, टाकून कोरडी होतात, हिची तशीच मऊ राहतात. त्यामागचं कारण शिकलेली माणसं नीट सांगतात. बाबांनी कारण सांगितलं नव्हतं. ते फक्त बंदूक खाली करायचे आणि तोंड फिरवायचे.

ऊन कलताना एकच बार ऐकू आला होता. मचाणाशी पोचलो तर आर्वो नव्हता. शिडीला त्याचा थर्मास लटकत होता, कॉफी अजून गरम होती. मला रागच आला. गोळी लागली की आमच्याकडे जागेवर अर्धा तास बसून राहतात, जनावराला कुठेतरी निवांत आडवं होऊ देतात. लगेच मागे धावलं तर ते मरता मरताही मैलभर पळतं. हे आम्हाला चालायला लागल्यापासून शिकवलेलं. पण गड्याला दम निघाला नव्हता.

माग सोपा होता. बर्फात खुरांचे ठसे, बाजूला रक्ताचे थेंब, आणि त्यावर आर्वोच्या बुटांचे ठसे. सिडारच्या झाडीत शिरलो तसा उजेड विझत गेला. कुजलेल्या पानांचा आणि गोठत्या पाण्याचा वास येत होता. रक्त कमी झालं. मग थांबलंच.

थोडं पुढे गेल्यावर मी टॉर्च खाली धरला आणि तसाच उभा राहिलो. आतापर्यंत बूट खुरावर पडत होता. इथे खूर बुटावर होता. आर्वोच्या प्रत्येक ठशात, बरोबर मधोमध, एक खूर रुतलेला.

ती त्याच्या मागे चालत होती.

जखमी हरीण वळसा घालून येतं आणि आपलाच माग काढणाऱ्याला मागून न्याहाळतं, हे मी पाहिलेलं आहे. तशीच समजूत मी स्वतःची घातली. "आर्वो!" मी हाक मारली. बर्फाने ती गिळून टाकली. माग डावीकडे वळत गेला, वळतच गेला, आणि पुढे मला आणखी एक ठसा दिसला. नवा होता. टाचेला चीर होती. माझ्या बुटाच्या टाचेला तशीच चीर आहे.

त्या ठशातही खूर होता.

पळावं तर कुठल्या दिशेने, ते कळेना. तेवढ्यात समोरून आवाज आला...

"म्याऽह."

चालतं हरीण थांबवायला आमचे लोक तोंडाने असा आवाज काढतात. हरीण थबकतं, मान वर करतं, आणि तेवढ्यात नेम साधतात. प्रत्येकाची लकब वेगळी. ही आर्वोची होती. मी थबकलो, मान वर केली. अगदी हरणासारखा.

सिडारच्या खोडाला टेकून एक काळी आकृती उभी होती.

"आर्वो! अरे, मी आहे!"

"माहितेय," तो हळूच म्हणाला. "हलू नकोस... ती तुझ्या मागे उभी आहे."

आणि खरोखरच मागे कुणीतरी होतं. मानेवर ऊन श्वास लागत होता. मग बर्फावर पाय आपटल्याचा आवाज आला. एकदा. पुन्हा. हरीण धोका दिसला की असाच पाय आपटतं. पाठोपाठ नाकातून एक फूत्कार, घुसमटलेला, काहीतरी सांगायला धडपडणारा...

"गोळी घालू?" आर्वोने विचारलं.

"नको! मी मध्ये आहे ना! बंदूक ठेव खाली, देवाच्यान!"

काहीतरी बर्फात पडलं. श्वास थांबला. मागे झाडीत धडपड झाली आणि लांब गेली. मी वळून पाहिलं नाही.

"चल घरी," आर्वो म्हणाला. "बंदूक उद्या नेऊ." तो माझ्या मागून, माझ्याच पावलांवर पाऊल ठेवत आला. पास्टी दिली तर नुसती हुंगली. इल्मीने दारातच त्याला मिठी मारली आणि त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडली. मला तेव्हा जे बरं वाटलं ते आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

सकाळी ती दोघं झोपली असताना मी बंदूक आणायला गेलो. बर्फ नवा पडला नव्हता. सगळं जसंच्या तसं होतं.

आर्वो जिथे टेकून उभा होता, त्या खोडाशी फक्त खूर होते. बंदूक तिथे नव्हती. रात्री मी उभा होतो त्या जागेच्या मागे ती पडली होती, आर्वोच्या बुटांच्या ठशांमध्ये. त्यातला उजवा ठसा आपटून आपटून खोल गेला होता. तिथून ते बूट झाडीत गेले होते. आधी माणसाच्या ढांगा. मग लांब, आणखी लांब, माणसाला न झेपणाऱ्या उड्या. पडलेल्या ओंडक्यापलीकडे बूट संपले आणि खूर सुरू झाले.

मी माघारी फिरलो. खोपटात इल्मी एकटी होती, त्याच्याबरोबर.

आता त्यांची पोर शाळेत जाते. आर्वो बाप म्हणून चांगला आहे, हे मला म्हणावंच लागतं. त्याचा आवाज कधी चढत नाही. इल्मी सुखात आहे. तिला मी काय सांगू, आणि कोणत्या तोंडाने?

गावात गुत्त्यासमोर आडवा वासा बांधलेला असतो, मारलेली हरणं त्यावर टांगतात. हंगामात रोज मी तिथे जायचो आणि एकेकाचं तोंड हातात धरून बघायचो. "वेइको, नातेवाईक शोधतोस काय?" लोक विचारायचे. मीही हसायचो.

गेल्या वर्षी एक मोठा नर टांगला होता. त्याच्या डाव्या पुढच्या पायावर केस झिजून गेलेली एक फिकट पट्टी होती, गोल, मनगटाला असते तशी. माझा भाऊ घड्याळ कधी काढत नसे. आंघोळीलासुद्धा नाही.

मी तो नर मागितली ती किंमत देऊन घेतला आणि बाबांच्या थडग्यामागे खड्डा खणला. कुणाला एका शब्दाने बोललो नव्हतो. माती लोटत होतो तेव्हा आर्वो फावडं घेऊन आला. काही न विचारता माझ्या बाजूला उभा राहून त्याने अर्धी माती लोटली, वर फावड्याने नीट थापली.

मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "आता नाही ना शोधायला जाणार तू?"

मी म्हणालो, "नाही."