वर बघणारी माणसं

"काका, हा फोटो तुम्ही उडत उडत काढलात का?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून भिंगरीनं विचारलं. वर्षभरापूर्वी वर्गात हजेरी द्यायलाही तिला घाम फुटायचा. हल्ली जिभेला हाडच उरलं नव्हतं. त्याच जोरावर परवा आकाशपाताळ एक करून तिनं घरात एकटीची खोलीही मिळवली होती. मैत्रिणी दुकानाच्या काचेला नाकं लावून फिदीफिदी हसत होत्या.

फोटोवाले काका मात्र हसले नाहीत. भिंतीवरच्या त्या काळ्यापांढऱ्या फोटोत हाच रस्ता होता, पण पार उंचावरून दिसणारा. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून तो तिथे टांगलेला. काढला कुणी, ठाऊक नाही. आणि तेव्हा समोर नुसतं मोकळं मैदान.

"चढायला साधं झाड नव्हतं गं," ते म्हणाले.

एवढं ऐकून भिंगरी गप्प बसते होय! मोबाइलमध्ये फोटोचा फोटो घेऊन ती निघाली. फोटोत मनोऱ्यावरचं घड्याळ औषधांच्या दुकानाच्या छपराच्या कोपऱ्यावर अलगद ठेवल्यासारखं दिसत होतं. मनोरा आणि दुकान, दोन्ही अजून जागच्या जागी. घड्याळ जिथून तसंच दिसेल, तिथेच कॅमेरा असणार. कोपरा नि मनोरा एका रेषेत धरून ती मागे मागे सरकत गेली, दोघातिघांची बोलणी खाल्ली, आणि पाठ टेकली ती स्वतःच्याच इमारतीच्या फाटकाला.

इमारत भिंगरीहून दोनच वर्षांनी मोठी.

जिना चढताना छपरामागून घड्याळ हळूहळू वर येत होतं. तिसऱ्या मजल्यावर, तिच्या नव्या खोलीच्या खिडकीत, ते बरोब्बर कोपऱ्यावर बसलं.

तिनं मोबाइलवरचा फोटो बोटांनी मोठा केला. रस्त्यावरची सगळी माणसं वर बघत होती. एका बाईनं आपल्या लेकराचे डोळे हातानं झाकले होते.

खाली दुपारची वर्दळ चालली होती. पिशवी घेतलेली एक बाई थांबली नि वर बघू लागली. सायकलवाल्यानं पाय टेकला. औषधवाला दुकानाबाहेर आला.

भिंगरीनं हात हलवला. कुणीच हलवला नाही.

ते तिच्याकडे बघतच नव्हते. तिच्या डोक्याच्या जरा वर. जरा मागे.

तिच्या मानेला गार वारा लागला. खिडकी तर समोर होती.

खाली एका आईनं लेकराचे डोळे झाकले.

भिंगरीनं स्वतःचे गच्च मिटले. भिंत चाचपत, कडेकडेनं ती दारापर्यंत आली.

स्वयंपाकघरात आईबाबा चहा घेत होते. धाकटा भाऊ पाय हलवत बसला होता. आता काय, स्वतंत्र गच्ची हवी का, म्हणून बाबांनी चिडवलं. आईनं मात्र तिचा चेहरा बघून कप खाली ठेवला.

"मी खोली सोडतेय," भिंगरी म्हणाली. "धाकट्याला देऊ नका. कुणालाच देऊ नका."

हे तिनं अगदी दबक्या आवाजात सांगितलं. आत ऐकू जाऊ नये म्हणून.