मिओ अजून सापडलेली नाही

संध्याकाळचे पाच वाजले की हिनोसावा गावातल्या खांबाखांबांवरचे भोंगे आधी एक धून वाजवत, आणि मग चिझुरु बोले. गावच्या कचेरीत तिचं कामच ते. अस्वल दिसलं, नळाला पाणी नाही, कुणाचे विसरभोळे आजोबा घरातून निघून गेले, सगळं तीच सांगायची. सापडले की तेही सांगायची, "सापडले आहेत, शोध थांबवावा, आभारी आहोत." ते ऐकल्याशिवाय गावात कुणाला घास गोड लागत नसे.

त्या हिवाळ्यात टोकियोची एक कंपनी आली. त्यांचा व्हिडिओ गेम निघणार होता आणि त्याची अर्धी गोष्ट म्हणे गेमच्या बाहेर, खऱ्या गावात ठेवायची होती. मिओ नावाची सात वर्षांची मुलगी, पिवळा रेनकोट, बेपत्ता. एवढंच रोज भोंग्यावरून सांगायचं. खेळणारे येतील, ऐकतील, माग काढतील. हा नुसता खेळ आहे, अशी पत्रकं घरोघर वाटली गेली. सरपंच तर हरखूनच गेले.

"आणि सापडली म्हणून कधी सांगायचं?" चिझुरुनं विचारलं.

कंपनीचा पोरगा हसला. "ते गेममध्ये आहे, ताई. शेवटपर्यंत पोचेल त्यालाच कळणार."

पत्रक चिझुरुच्या बाबांनीही वाचलं होतं. पण वाचलेलं त्यांच्या डोक्यात टिकेल तर ना! घोषणा झाली की रोज टॉर्च घेऊन निघायचे.

"बाबा, खोटी आहे हो ती. खेळ आहे नुसता."

"तूच सांगतेस हरवली म्हणून, आणि तूच म्हणतेस खोटी? पोर थंडीत आहे, चिझू. जरा लाज बाळग."

बर्फ पडायला लागला त्या संध्याकाळी चिझुरु घरी आली, तर दार सताड उघडं. बाबांचे बूट नव्हते. ती तशीच कचेरीकडे पळाली आणि कापऱ्या आवाजात स्वतःच्या बापाचं वर्णन भोंग्यावरून सांगितलं. गावातले लोक ताबडतोब टॉर्च घेऊन डोंगराला लागले.

थोड्या वेळानं शेजारच्या कुमागाईबाईंचा फोन आला. "अगं, धरणाच्या वाटेला दिसले होते मला. मी हटकलं नाही... म्हटलं, नात्यातली कुणी पोर आहे बरोबर."

"कुठली पोर? आमच्याकडे कुणी आलंय का, बाई?"

"हात धरून चालली होती... पिवळा रेनकोट..."

चिझुरुनं फोन ठेवला. मिओ सापडल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. मग ती पोर तरी कुठं जाणार? कंपनी गेली खड्ड्यात! आत्ता सांगून टाकायचं, मिओ सापडली, आता माझ्या बाबांना सोड. तिनं माइक जवळ ओढला.

बटणाला बोट लागायच्या आतच बाहेर धून वाजली.

मग तिचाच आवाज, शांत, रोजच्यासारखा. "बेपत्ता आजोबा सापडले आहेत... शोध थांबवावा... आभारी आहोत."

माइकचा दिवा लागलेला नव्हता. तिनं बटण पुन्हापुन्हा दाबलं, घसा फाटेस्तोवर ओरडली. बाहेर खरखरसुद्धा उमटली नाही. खिडकीतून दिसत होतं, डोंगरावरचे टॉर्च थबकले आणि एकेक करत खाली उतरायला लागले.

सगळ्यात आधी पोलीसपाटील आत आला, टोपीवरचा बर्फ झटकत.

"सापडले ना? सुटलो बुवा! धरणापाशी कुणीतरी तुझ्याच नावानं हाका मारत होतं गं. आम्ही तिकडे धरणाकडे उतरतच होतो... पण तू म्हणालीस सापडले, म्हणून परत फिरलो."